कानाने लावलेलं इंजिन

नवरा : ...म्हणून सांगतो, या कंपनीने गाडीला पेट्रोल फवारणारा हा पंप निवडला तो शर्यत जिंकायला! बाकीच्यांनी जे काही निवडलं, ते भीतीपोटी.

परीक्षक : कसली भीती?

नवरा : कायद्याची! धुराचे नियम आले आणि एकेकाचे पाय लटपटले. एकाने विजेची पेटी बसवली. ती हवेचा दाब मोजणार, थंडी मोजणार, मग ठरवणार पेट्रोलचा फवारा किती सोडायचा. दुसऱ्याचा विजेवर विश्वासच नाही. त्याने हवेच्या वाटेत ताटलीसारखी झडप ठेवली. हवा तिला जेवढी उचलेल तेवढं पेट्रोल. तेही सगळ्या सिलिंडरांकडे अखंड, सिलिंडरचं दार उघडं असो की बंद.

बायको : म्हणजे तुमच्यासारखं. समोरचा ऐकत असो की नसो.

परीक्षक : वहिनी, तुम्ही पण...

नवरा : आणि आमचा हा पंप! इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. वायर नाही, पेटी नाही. ज्या सिलिंडरची पाळी त्यालाच, हवं तेवढंच, त्याच क्षणी. आईने पानात वाढावं तसं!

बायको : भावोजी, बसून घ्या. हा पूर्वरंग झाला, उत्तररंग अजून यायचाय.

परीक्षक : बसून कसं चालेल? जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ही गाडी ‘मूळ रूप’ गटात, म्हणजे एकही भाग न बदललेल्यांत, घ्यायची की नाही, ते आज सांगायचंय मला.

नवरा : घ्यायची की नाही? अहो, गेल्या वर्षी चषक त्या दंतवैद्याला दिलात. आपल्या गाडीच्या पोटात काय आहे, हेही त्याला ठाऊक नाही. या वर्षी सगळ्या क्लबाला सांगून ठेवलंय मी.

परीक्षक : चालू करा.

नवरा : आधी हा स्क्रू बघा, पंपाच्या पाठीवरचा. दर रविवारी सकाळी थोडा फिरवायचा, कान लावायचा, मग केसभर मागे घ्यायचा. तंबोरा लावावा तसा. मेकॅनिकसुद्धा म्हणतो, साहेब, तुमच्या कानाला तोड नाही.

बायको : त्या कानाला दाराची बेल ऐकू येत नाही.

परीक्षक : चालू करा हो.

(इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू होतं.)

नवरा : बघा! धूर नाही, खोकला नाही!

परीक्षक : तेच विचारतोय. खोकला का नाही?

नवरा : म्हणजे?

परीक्षक : या पंपाची इंजिनं मी पुष्कळ पाहिलीत. सकाळच्या गारठ्यात दमेकरी आजोबांसारखी उठतात. हे तर नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखं उठलं.

नवरा : तोच तर माझा कान!

परीक्षक : ही पंपाकडून सिलिंडरकडे पेट्रोल नेणारी नळी ना? जरा सैल करतो.

नवरा : अहो, काय करताय! पेट्रोल उडेल अंगावर!

परीक्षक : उडालं? थेंब तरी आला? इंजिन तरी अडखळलं? पंप नुसताच फिरतोय. आतून रिकामा आहे. तुमच्या गाडीत विजेची पेटी आहे साहेब. कुठे बसवलीत?

नवरा : माझ्या गाडीत? पेटी?

बायको : माझ्या सीटखाली.

नवरा : अगं, तुला काय कळतंय त्यातलं...

बायको : कळतंय, कारण मीच बसवून घेतली. दोन वर्षं झाली. तुम्ही वन्संकडे गेला होतात तेव्हा. मेकॅनिकला म्हटलं, वरून काही दिसता कामा नये.

नवरा : तो पण सामील? माझ्या कानाला तोड नाही म्हणाला तो!

बायको : ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

नवरा : मला विचारायचं तरी होतंस!

बायको : विचारलं होतं. बोगद्यात. गाडी मधोमध गप्प, मागून ट्रक भोंगा वाजवत अंगावर येतोय. मी म्हटलं, याचं काहीतरी करा हो. तर म्हणालात, शर्यतीचं रक्त आहे, नखरे असायचेच. ट्रक हातभर अंतरावरून गेला आणि तुम्ही बॉनेट उघडून मला पंपाची थोरवी सांगत होतात.

नवरा : पण कंपनीने एवढा विचार करून...

बायको : केला की. एकाने शर्यतीचा केला, एकाने कायद्याचा, एकाला विजेचं भय. बाजूच्या सीटवर जीव मुठीत धरून बसणारीचा कुणी केला? म्हणून मग मीच केला.

परीक्षक : वहिनी, ‘मूळ रूप’ गटात मात्र गाडी घेता येणार नाही.

बायको : नका घेऊ.

नवरा : क्लबात कुठल्या तोंडाने जाऊ? त्या दंतवैद्याला कान कसा लावायचा ते शिकवत होतो मी!

परीक्षक : गाडी आजारी आहे म्हणून सांगतो.

बायको : जन्मात पहिल्यांदा ठणठणीत झाली, आणि आता आजारी म्हणायचं.

नवरा : थांबा, थांबा. मग हा स्क्रू? दर रविवारी फिरवतो तो?

बायको : कशालाच जोडलेला नाही.

नवरा : मला फरक ऐकू यायचा गं. खरंच यायचा.

बायको : असेल. फिरवून आत यायचात, हात धुवायचात आणि दुपारपर्यंत गुणगुणत असायचात. म्हणून तर मेकॅनिकला म्हटलं, पंपातलं सगळं काढ, स्क्रू तेवढा राहू दे.