तोरूचा दात

जिपार : घ्या एजे, बोलले होते तसा परत आणलाय.

साइराकान : बघू. अगं, घोड्याच्या दाताला हे चरे कसले पाडलेस? वरपासून मुळापर्यंत?

जिपार : त्यातूनच चिमूट चिमूट पूड काढून बिश्केकला तपासली. दात वाढताना, म्हणजे पहिली चारेक वर्षं, घोडा जे पाणी पितो, त्याची खूण त्यात राहते. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. खालच्या टेकाडात दोन हजार वर्षांपूर्वी पुरलेले घोडे निघालेत ना, त्यांच्याशी ताडून बघायला इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला घोडा हवा होता.

असानकुल : आमचा तोरू कुठे जाणार? बेकतुर शाळेत गेला तर हा फाटकाशी उभा. पोर गेल्यावरच्या वर्षाच्या जेवणाला कापला त्याला, रीतच आहे. पण सुरी माझ्याच्याने धरवेना.

साइराकान : जिपार, त्यांना सांग, बोर्सोक खा आणि गप्प बसा.

असानकुल : ऐकलं मी. तीन वर्षं झाली, पाहुण्यांच्या तोंडून बोलते माझ्याशी. पाहुणे नसले की कुत्र्याला सांगते.

साइराकान : कुत्रं ऐकतं तरी.

असानकुल : आणि तोरूची कवटी वर कड्यावर ठेवलीय, तोंड नेमकं नदीकडे करून. मी दाराबाहेर पडलो की पहिली तीच दिसावी म्हणून.

जिपार : एजे, मुळाजवळचा हा शेवटचा चरा... सांगू का? नको असेल तर राहू दे.

साइराकान : कधीचा तो?

जिपार : तोरूच्या चौथ्या हिवाळ्याचा.

(साइराकान हातातली किटली खाली ठेवते.)

साइराकान : बेकतुर गेला तो.

जिपार : हो.

असानकुल : मी जरा मेंढ्यांकडे बघून येतो.

साइराकान : बसा म्हणावं त्यांना! ह्यांनीच पाठवलं ना? "चिल्दे चालू आहे, बर्फावरून उंट जाईल, पुलाचा फेरा कशाला घालतोस!" तोरू तेवढा परत आला. ओलाचिंब. पाठीवर कोणी नाही.

असानकुल : मला माझ्या बापाने तसंच पाठवलं होतं. त्याला त्याच्या बापाने. चिल्दे म्हणजे वर्षातले सगळ्यात गार चाळीस दिवस. त्यात नदीचा बर्फ फुटल्याचं कधी ऐकलंस, जिपार?

जिपार : टेकाडातल्या घोड्यांनीसुद्धा ऐकलं नसेल, अबा. त्यांचे सगळे हिवाळे कडक आहेत. तोरूचे पहिले तीन त्यांच्यापेक्षा थोडे सौम्य. पण हा चौथा हिवाळा वाटतच नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा तपासला, तेच आलं.

साइराकान : म्हणजे बर्फ पातळ होता?

जिपार : त्या दिवसाचं दात नाही सांगत, एजे. ऋतूचं सांगतो. एवढा उबदार हिवाळा मला दुसऱ्या कुठल्याच दातात सापडला नाही.

साइराकान : आणि आम्हाला कळू नये? आम्ही काय दुसऱ्या गावात होतो?

असानकुल : कळत होतं. भर चिल्देत छपराचं पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, बरं झालं, लाकूड वाचेल, कोकरं जगतील.

(साइराकान उठून दाराशी जाते.)

जिपार : एजे?

साइराकान : मी चादरी धुतल्या होत्या गं. त्या आठवड्यात. एरवी त्या दिवसांत बाहेर घातल्या तर फळ्यांसारख्या होतात. त्या वाळल्या. दुपारपर्यंत कोरड्या. बेकतुरला म्हटलं, बघ, काय छान ऊन पडलंय. खूश होते मी.

असानकुल : रडू नकोस. अगं...

जिपार : मी निघते. हा दात कवटीत परत बसवायला हवा ना?

असानकुल : दे इकडे. मी चढतो वर.

साइराकान : अहो.

असानकुल : काय?

साइराकान : दात बसवलात की त्याचं तोंड फिरवा. कुरणाकडे करा. तिकडे खेळायचे दोघं.