बिनकाजाची बटणं

आई : बाबा, या फ्रॉकला काजंच नाहीत.

आजोबा : नीट बघ.

आई : नीटच बघतेय. धुवायला घेतला म्हणून कळलं. वरून बटणं नुसती शोभेला शिवलीत आणि आतून टिचबटणं.

आजोबा : मग? फ्रॉक उघडा राहतो का? लागतो ना?

आई : गेला महिनाभर मुंगी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतेय, माझी बटणं मी लावते. मीही खुळ्यासारखी खूश. साडेतीन वर्षांच्या लेकीला बटणं जमायला लागली म्हणून बसडेपोत सगळ्यांना सांगून बसले.

आजोबा : तुझ्या त्या बालवाडीच्या ताईच म्हणाल्या होत्या, यायच्या आधी मुलीला आपले कपडे आपण घालता आले पाहिजेत. घालते की. साप मेला आणि काठीही मोडली नाही.

आई : उद्या तिथं पहिल्याच दिवशी रंगात खेळताना एप्रन घालायचाय. त्याला खरी बटणं आहेत. ही ऐटीत पुढे जाणार, दोन्ही कडा एकमेकींवर दाबणार, आणि काहीच होणार नाही. मग काय करेल ती?

आजोबा : ताई लावून देतील.

आई : ताई आपणहून नाही लावत. तीच तर तिथली पद्धत आहे. काय खेळायचं, कशात हात घालायचा, कधी थांबायचं, हे मुलानं ठरवायचं. मागेल तेवढीच मदत. मोठ्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं.

आजोबा : आणि हात मागे बांधायचा पगार घ्यायचा. मला आधी कुणी सांगितलं असतं तर शिलाई सोडून हेच दुकान टाकलं असतं.

आई : तुम्हाला नसतं जमलं. तासाभरात दिवाळं निघालं असतं.

आजोबा : निघू दे. धडधाकट हात असताना लेकराला चाचपडत ठेवू? तिची बोटं बघ केवढीशी. काजातून बटण काढताना ओठ चावते, नाकावर घाम येतो. एकदा बघितलं, पुन्हा बघवलं नाही. ताईंना बघवत असेल. त्यांची थोडीच ती नात आहे.

आई : मुंगी, इकडे ये जरा. ही बटणं खोटी आहेत, तुला माहीत होतं?

मुंगी : हो.

आई : कसं?

मुंगी : माझी टिच्च वाजतात. तुझ्या शर्टाची वाजत नाहीत.

आई : मग बोलली का नाहीस?

मुंगी : आजोबा टाळ्या वाजवतात ना.

आजोबा : घ्या. मला वाटत होतं मी नातीला खेळवतोय. नातच मला खेळवत होती.

मुंगी : मला भोकवाली पाहिजेत.

आजोबा : भोक नाही म्हणायचं, काज म्हणायचं. शिंप्याची नात ना तू?

मुंगी : मला काजवाली पाहिजेत. उद्या.

आई : ऐकलंत? द्या करून आजच.

आजोबा : नाही करणार.

आई : बाबा.

आजोबा : बाबाबिबा काही नाही. जन्मभर लोकांची काजं केली, ही करणार नाही. उद्या पोरगी चारचौघांत रडत बसेल, आणि ते माझ्या हातानं झालेलं असेल. मला नको ते.

आई : ठीक आहे. कात्री आणि सुई द्या. टिचबटणं काढून बटणं खालच्या पट्टीवर लावते, काजंही मीच करते.

आजोबा : तू? सुई कोणत्या टोकाला टोचते हे तरी ठाऊक आहे का?

आई : कुठून असणार? मशीनजवळ आले की ओरडायचात, बोट जाईल, लांब हो. शिंप्याची एकुलती एक लेक, आणि शर्टाचं बटण तुटलं की डेपोतल्या कंडक्टरबाईकडे देते लावायला. त्या मला हसतात. अजूनही रस्ता ओलांडताना तुम्ही माझा दंड धरता. मी बस चालवते, बाबा.

आजोबा : तुझी आई गेली तेव्हा तू हिच्याएवढी होतीस. मला जे येत होतं ते मी केलं. वेणीसुद्धा मीच घालायचो तुझी. अशी घट्ट, की संध्याकाळपर्यंत एक केस हलायचा नाही. बायका विचारायच्या, कोण घालतं गं? आणि तू ट्रेनिंगसाठी होस्टेलवर गेलीस नि पहिल्याच सुट्टीला बॉयकट करून आलीस. मी एका शब्दानं बोललो नाही. म्हटलं, पोरीला पंख फुटले, आता बापाचं काही अंगावर नकोय.

आई : असं वाटलं तुम्हाला?

आजोबा : दुसरं काय वाटायचं?

आई : मला वेणी घालता येत नव्हती. एवढी मोठी घोडी, आणि आरशासमोर तिन्ही पेड हातात धरून उभी. कोणता कुठून घ्यायचा तेच कळेना. खोलीतल्या मुली आधी थट्टा करतेय समजल्या, मग हसायला लागल्या. कुणाला म्हणायचं, घालून दे? म्हणून कापले. तेव्हापासून वाढवलेच नाहीत.

आजोबा : मला सांगायचंस.

आई : सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कंगवा घेऊन फाटकाशी हजर झाला असतात.

आजोबा : झालो असतो.

आई : म्हणूनच नाही सांगितलं.

मुंगी : आजोबा, तुम्ही रडताय?

आजोबा : नाही गं. दोऱ्याचा तंतू गेला डोळ्यात.

आई : माझ्यावर तुम्ही जीव टाकलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या पोरीला मी आरशासमोर तसं उभं राहू देणार नाही. उद्या रडली तर रडू दे. बालवाडीत ताईंची मांडी आहे, वेळ आहे, कुणाला घाई नाही. विसाव्या वर्षी रडण्यापेक्षा आत्ता रडलेलं बरं. कात्री.

आजोबा : ही नको, ही कागदाची. ती अणकुचीदार घे. थांब, आधी खडूनं खूण करून देतो...

आई : हात मागे.

आजोबा : अगं, तिरकं जाईल.

आई : जाऊ दे.

आजोबा : कापड एकदा कापलं की कापलं, परत जुळत नाही.

आई : माहीत आहे. म्हणून तर सावकाश चाललंय. आणि जरा बाजूला व्हा, माझ्या उजेडात उभे आहात.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. आई पहाटेच्या बसवर गेलेली. दुकानाचं दार अर्धं उघडं.)

मुंगी : तिकडे तोंड करा. बघायचं नाही.

आजोबा : केलं तोंड. भिंत बघतोय. झालं का?

मुंगी : नाही.

आजोबा : आता?

मुंगी : विचारायचं पण नाही.

आजोबा : बरं बाई. राहिलो गप्प.

मुंगी : अं... हे सुटलं. परत.

आजोबा : मुंगी, एकच लावून देऊ? सगळ्यात वरचं? आईला नाही सांगणार.

मुंगी : नको.

आजोबा : आईनं काजं जरा लहान-मोठी केलीत गं, तुझी चूक नाही. मलासुद्धा जड गेलं असतं.

मुंगी : आजोबा, गप्प.

आजोबा : गप्प. इथं पन्नास शर्ट शिवून होतील आता...

मुंगी : झालं. चला.

आजोबा : वळू मी? बघू दे तरी. हं. अगं, वरचं खालच्या... नाही, काही नाही. चल. पिशवी दे.

मुंगी : पिशवी माझी आहे.

आजोबा : घे, तूच घे. दार मी ओढलं तर चालेल ना, का तेही तुझंच?

शेजारचा इस्त्रीवाला : काय मास्तर, सकाळी सकाळी दुकान बंद? नातीची शाळा वाटतं. अहो, हे काय, फ्रॉकची एक बाजू कानाला लागलीय नि एक गुडघ्याला. आणि काजं का उंदरानं कुरतडलीत? तुमच्या दुकानातनं असला कपडा बाहेर पडतोय?

आजोबा : पडतोय.

शेजारचा इस्त्रीवाला : लोक काय म्हणतील? ये गं इकडे, दोन मिनिटांत सरळ करतो.

आजोबा : काजं माझ्या लेकीनं केलीत. बटणं हिनं लावलीत. हात लावायचा नाही.