गुण देणारे आले तो दिवस

माझी थोरली नात शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीची गोष्ट. गुडघ्याच्या गोळ्यांसाठी मी आरोग्य केंद्रात रांगेत बसलो होतो. देशभरातल्या केंद्रांना गुण देणारे साहेब त्या दिवशी तपासणीला आले होते. रांगेशेजारीच एका खाटेवर एक बाई धापा टाकत होती. तिचा भाऊ नर्सशी बोलत होता.

“सिस्टर, ऑक्सिजनची नळी काढू नका हो. आत्ता कुठे तिला जरा बरं वाटतंय.”

“दादा, मोठ्या दवाखान्यात न्या. गाडी आणलीय.”

“गाडीत ऑक्सिजन आहे?”

“नाही. पण अर्ध्या तासाचीच तर वाट आहे.”

“अहो, ती अर्धा तास काढेल का?”

“इथं काही झालं तर आमचे गुण जातात. मागच्या वर्षी दोन माणसं गेली, तर माझ्या जोडीची नर्स काढून घेतली.”

“म्हणून माझ्या बहिणीनं बाहेर जाऊन मरायचं?”

“हळू बोला. साहेब आलेत. धरा, उचला.”

“सिस्टर, यांना कुठे नेताय?” साहेबांनी विचारलं.

“मोठ्या दवाखान्यात, साहेब.”

“बरं. यंदा केंद्रात मृत्यू किती?”

“एकही नाही.”

“वा! असं काम पाहिजे.”

त्या भावाची बहीण त्याच सकाळी साडेअकराला वाटेत वारली.