ओट्यापुरती रेंज

नाही नाही, भिंतीला ड्रिल लावू नका संगमेशराव — आत जाळी आहे, लोखंडाची. किल्लारीच्या भूकंपानंतर मी हे घर नव्यानं बांधलं, तेव्हा गवंडी म्हणाला होता, सर, एवढं लोखंड तर धरणाला लागत न्हाई. मी ऐकलं नाही. जन्मभर कॉलेजात लहरी शिकवल्या, त्यातच पीएच.डी. केली, आणि स्वतःला राहायला काय बांधलं — पिंजरा. राउटर या खोलीत, आणि पलीकडच्या खोलीत हिच्या कॅमेऱ्याला रेंज नाही. हसा, हसा. दुसऱ्याचं घर असतं तर मीही हसलो असतो. बरं, तो रेंज वाढवणारा पांढरा डबा आतल्या प्लगाला लावा, तेवढं चालेल.

तुमच्या केबल ऑफिसला श्रद्धानंच फोन केला ना? माझी मुलगी. नांदेडहून ती मोबाइलवर आईला बघते. चित्र अडकलं की मला फोन — बाबा, आई कुठंय? आई पलंगावरच असते हो. म्हणजे एकदा नव्हती. एकदा बस स्टँडपर्यंत जाऊन आली, अनवाणी, आणि मला इथं खुर्चीत पत्ता नाही — ऐकू कमी येतं मला. तेव्हापासून श्रद्धाचं एकच — पुन्हा कॅमेरा बंद पडला तर आईला नांदेडला नेणार. बरोबर आहे तिचं. कोणत्या तोंडानं अडवू?

वायफायचा पासवर्ड बदला म्हणते, तेही बरोबरच आहे तिचं. आत्ता तुम्ही जोडलेल्या मोबाइलांची यादी उघडलीत — दिसलं मला, केवढी नावं. समोरच्या हॉस्टेलच्या मुली आहेत त्या, नीटच्या क्लासला आलेल्या. कोणी हदगावची, कोणी धर्माबादची. पासवर्ड कुणी चोरला नाही. मीच — ओट्याच्या भिंतीवर खडूनं लिहिला. मोठ्या अक्षरात, मागच्या बाकालाही दिसावा असा. सवय हो, दुसरं काय.

असं बघू नका. ऐका. या पिंजऱ्यामुळं रेंज कुठंच जात नाही, फक्त या खिडकीतून ओट्यावर पडते. म्हणून क्लास सुटला की मुली डबे घेऊन ओट्यावर येतात — लेक्चर उतरवून घेतात, तिथंच जेवतात. आणि ही त्यांच्यात जाऊन बसते. म्हणते, पोरींनो, घरात जाऊ नका बरं, रात्रीच हादरा बसलाय. ती मंजुश्री म्हणते, "हाव काकू, न्हाई जात. पर तुमी जेवा आधी, मग मी." आणि ही जेवते, संगमेशराव. पोटभर जेवते. माझ्या हातचं? मलाही ती हादऱ्याचंच सांगते, आणि मी म्हणतो, अगं चंद्रप्रभा, ते त्र्याण्णव साल होतं. चूक दिसली की राहवत नाही मला — मग ती ताट सरकवते.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क? विचारलं ना मी श्रद्धाला. म्हणाली, बाबा, लाइन एकच आहे, मुलींनी ओढली की आईचं चित्र अडकणारच. हेही बरोबर. सगळ्यांचंच बरोबर आहे. जेवणाचं तिला सांगितलं नाही मी — सांगितलं तर म्हणेल, म्हणजे आई तुमच्या हातचं जेवतच नाही? मग तर उद्याच नेते. तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, तुम्ही आज नुसतं तपासून जा, पासवर्ड राहू द्या, श्रद्धाला मी काहीतरी —

झालं? म्हणजे बदलला? मी बोलत होतो तेव्हाच?

बरं. नाही, तुमची काय चूक, मीच लांबण लावली. दाखवा. हो, आत पूर्ण रेंज आहे. चित्रही स्वच्छ. चादरीच्या घड्यासुद्धा दिसतायत. रिकामा पलंग किती स्पष्ट दिसतो हो. ओट्यावर गेली असेल, वेळ झाली त्यांची.

थांबा, तो नवा पासवर्ड मला सांगू नका. मला ठाऊक असला तर मी देईन. श्रद्धालाच कळवा — हळू बोला, आल्या त्या. ही मधे बसलीय, ताट मांडीवर. मंजुश्रीनं डबा उघडला — नाही, ठेवला बाजूला. मोबाइल काढलाय. सगळ्यांनीच काढलेत. भिंतीवरची अक्षरं पुन्हा वाचतायत. आता खिडकीतून माझ्याकडं बघतील.

तुम्ही निघा. मागच्या दारानं जा.