बावखलावरच्या चिंचेची फांदी

मी, जयराम पोशा भोईर, वय ६१ वर्षे, धंदा मांडव डेकोरेशन, राहणार होळी, तालुका वसई, जिल्हा पालघर, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

आधी फोटोचा हिशेब सांगतो, कारण दोन दिवस गावात आणि मोबाईलवर त्या फोटोचंच कौतुक चाललं आहे. सदर फोटोत राखी बगळ्याची मादी घरट्यात उभी राहून पिल्लाला भरवत आहे. मागे स्वच्छ आकाश आहे, मध्ये एक पानही नाही. हा फोटो केवढ्याला पडला ते असं: चिंचेची एक हिरवी फांदी, तिच्यावरचं ढोकरीचं, म्हणजे साध्या भुऱ्या बगळ्याचं घरटं, त्यातली तीन पिल्लं, आणि माझी दोरी. दोरी मी सोडून देतो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. सायकलवरून बर्फ विकत होतो, आता सातिवलीला माझे स्वतःचे दोन गाळे असून त्यात मांडवाचं सामान असतं. या धंद्यात कान तयार होतात. लाऊडस्पीकर चालू असताना मागे स्वयंपाकाच्या जागी बायका काय बोलतात ते ऐकू आलं की लग्न लागणार की मोडणार ते मला वधूच्या बापाआधी कळतं. हे बढाई म्हणून नाही, पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून लिहून घ्यावं.

आमच्या गावामागची पाणथळ चार वर्षांपासून पक्ष्यांसाठी राखीव आहे, तसा बोर्ड आहे. तिच्या कडेला स्टॅनी तुस्कानो याची वाडी, वाडीत बावखल आणि बावखलाच्या काठावर जुनी चिंच आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. साहेब नवीन बदलून आलेत म्हणून सांगतो. बगळ्यांना बोर्ड वाचता येत नसल्याने ते राखीव जागा सोडून स्टॅनीच्या चिंचेवर घरटी करतात. खाली त्याचा अळू विष्ठेने पांढरा होतो. तो रोज सकाळी पानं धुतो आणि पक्ष्यांना शिव्या देतो. झाडाला हात लावत नाही.

स्टॅनीशी माझं बांधावरून भांडण असून दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे. त्याच्यासाठी खोटं बोलायचं मला कारण नाही. खरं बोलायचीही फारशी हौस नव्हती. मला बोलावलं ते फांदीला सापडलेली दोरी माझी म्हणून.

तक्रारदार सिद्धेश कारखानीस हे वसई पूर्वेला फ्लॅटमध्ये राहतात व कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. सुट्टीच्या दिवशी ते आठ-दहा लोकांना बगळे दाखवायला आणतात. सगळ्यांचे कपडे पानांच्या छापाचे असतात, पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून. गावातल्या कुत्र्यांना मात्र ते पार नाक्यापासून दिसतात. त्यांनी माझ्याकडून चिंचेला लागून, पाणथळीच्या बाजूने, बांबूचं मचाण बांधून घेतलं, खालून हिरवं कापड लावून. मचाण बांधताना ते नवीन मंडळींना सांगत होते, "माझ्या ग्रुपमध्ये नियम एकच. घरट्याला डोळ्यांशिवाय काही लागता कामा नये. हे पक्षी मला ओळखतात. मी आलो की एकही उडत नाही, बघा तुम्ही." मंडळींनी माना डोलावल्या. एकीने ते वहीत उतरवून घेतलं.

त्याच दिवशी त्या मंडळींनी अळवाच्या वाफ्यात पाय दिले. स्टॅनी घरातून ओरडत आला, "ए, अळवातून बाहेर! परत पाय दिलात तर कोयता घेऊन येईन, सांगून ठेवतो."

अश्लेषा नावाच्या बाई त्याला म्हणाल्या, "काका, प्लीज, आवाज नको. आम्ही नेचरसाठी आलोय."

स्टॅनी म्हणाला, "मग माजा अळू काय पलास्टिकचा हाय?"

कोयत्याचं वाक्य तक्रारीत आलं आहे. अळवाचं आलेलं नाही.

रविवारी पाऊस उघडला होता, स्वच्छ ऊन होतं. वाऱ्याने मचाणाच्या गाठी सैल झाल्या असतील म्हणून मी सकाळी गेलो व कापडाच्या आत शिरून खालचे बांबू आवळत होतो. वर कारखानीस आणि अश्लेषाबाई आले. मी खाली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण तोंडात सुतळी होती. वरचं बोलणं मी ऐकलं ते असं:

"अरे यार, फांदी मध्ये येतेय. पूर्ण फ्रेम खातेय."

"सर, दोरीने बाजूला ओढू या का?"

"ओढू या. तो जयराम दोरीचं एक बंडल इथेच टाकून गेलाय. लाईट जायच्या आत."

"पण सर, त्या फांदीवर घरटं आहे ना?"

"ढोकरीचं आहे. ढोकरी काय, गल्लोगल्ली मिळते. मागे राखी बगळा आहे, अश्लेषा. इथे पहिल्यांदा घरटं केलंय त्याने. माझ्याशिवाय कोणाकडे हा शॉट नसेल."

त्यानंतर दोरी घासल्याचा आवाज, मग फांदी तडकल्याचा. मग कारखानीस म्हणाले, "आता लोंबकळत राहिली तर अजूनच वाईट. ती करवत दे बॅगेतली." मग करवतीचा आवाज आला. तो मला ओळखायला अडचण नाही, माझं अर्धं आयुष्य त्याच आवाजात गेलं आहे. फांदी माझ्या पुढ्यात कापडाबाहेर पडली.

मी बाहेर येईपर्यंत वर कॅमेरे सुरू झाले होते. मी "ओ साहेब" म्हणून हाक मारली. कारखानीस वरून बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "शू! भोईरशेठ, मादी आली आहे."

ढोकरीची तीन पिल्लं अळवात होती. दोन गेली होती. तिसऱ्यावर कावळा येऊ नये म्हणून मी ते माझ्या टोपीने झाकलं. थोड्या वेळाने टोपीची गरज राहिली नाही. स्टॅनी चर्चमध्ये मिसाला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला जाऊन परत आला, कपडे न बदलता खाली वाकला, पिल्लं केळीच्या पानावर घेऊन बावखलाच्या पलीकडे गेला. मी मागे गेलो नाही. आमचं बोलणं बंद आहे.

अश्लेषाबाई मचाणावरून उतरल्या तेव्हा रडत होत्या. कारखानीस त्यांना म्हणाले, "निसर्गात हे होतंच." करवत घडीची होती. घडी करून त्यांनी ती लेन्सच्या शेजारी, मऊ फडक्यात ठेवली.

सोमवारी सकाळी त्यांच्या ग्रुपवर पिल्लांचाही फोटो आला, खाली "स्थानिकांचं क्रौर्य" असं लिहून. त्याच फोटोत कडेला माझी टोपी आहे. दुपारी त्यांनी स्टॅनीविरुद्ध तक्रार दिली, की त्याने कोयत्याने फांदी तोडून घरटं पाडलं. फांदीचा बुंधा पंचनाम्यात जप्त आहे. तो कापलेला आहे, सपाट. कोयत्याने तोडलेलं लाकूड तिरपं तुटतं हे सांगायला माझी गरज नव्हती, ते हवालदारांनीच लिहून घेतलं. दोरीची गाठ माझ्या माणसांची नाही. अशा गाठीवर मी लहान मुलाचा पाळणाही बांधू देणार नाही.

सोमवारी संध्याकाळी कारखानीस माझ्या घरी आले. चहा घेतला, बायकोने केलेल्या घारग्यांचं कौतुक केलं. म्हणाले, "भोईरशेठ, पुढच्या वर्षी आपण मोठा पक्षी महोत्सव करू. मांडव तुमचाच. काल तुम्ही काही पाहिलं नाहीत ना?"

मी म्हणालो, "साहेब, मी मचाणाखाली कापडात होतो. तिथून वरचं काय दिसणार?"

ते खूश होऊन गेले. तिथून काय ऐकू येतं ते त्यांनी विचारलं नाही. महोत्सवाच्या मांडवाला मी नाही म्हणालो नव्हतो. आता म्हणतो.

आज सकाळपासून स्टॅनी बाहेरच्या बाकावर बसून आहे. त्याची बायको एलिना डबा घेऊन गेटाशी उभी आहे. येताना तिने मला विचारलं, "जयरामभाव, याला आत घेतील का हो?" मी म्हटलं, ते साहेबांच्या हातात आहे. तिला माहीत नव्हतं मी कशासाठी आलो आहे, आणि मी सांगितलं नाही. सांगायचं ते इथे सांगितलं. स्टॅनीने फांदी तोडलेली नाही. ती सिद्धेश कारखानीस यांनी करवतीने कापली. त्यांच्यासमोर उभं राहून हेच सांगायची माझी तयारी आहे. अश्लेषाबाईंनाही विचारावं. माझ्या अंदाजाने त्या विचारण्याचीच वाट बघत असतील.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तेच लिहिलं आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही. पंचनाम्याबद्दलची एक ओळ राहिली होती, ती माझ्या सांगण्यावरून सहीच्या आधी घातली ती अशी: पंचनाम्याच्या वेळी साहेब, दोन हवालदार, वनखात्याचा माणूस, स्टॅनी आणि मी चिंचेखाली उभे होतो, तेव्हा झाडावरचे बगळे आपापल्या घरट्यात बसून होते, कारखानीस वाडीच्या फाटकातून आत आले आणि ते सगळे उडाले.

(सही)
जयराम पोशा भोईर