पहिली ओळ म्हणून थांबावे

जबाब देणार: मला बँडमध्ये आणि बाहेरही 'शेपूट' म्हणतात, कागदोपत्री नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे. वय ५९ वर्षे. धंदा गायन, त्याआधी एकोणीस वर्षे चष्म्याच्या दुकानात विक्रेता. राहणार छापखान्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला.

मी आज संध्याकाळी सहा चाळीसला पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, आमच्या बँडमध्ये आम्ही चौघे होतो. पुढे उभा राहून गाणारा लंब्या, त्याच्या मागे दुसऱ्या आवाजात गाणारा मी, ड्रमवर ठोक्या आणि गिटारवर मामा. मामा कोणाचाच मामा नाही. सोळा वर्षे एकत्र वाजवले, मग भांडलो. कशावरून भांडलो हे आज चौघांपैकी एकालाही नीट सांगता येणार नाही. मागच्या वर्षी लंब्यानेच सगळ्यांना फोन करून पुन्हा जमवले. जुनी गाणी घेऊन बारा ठिकाणी कार्यक्रम ठरले. पहिल्या तालमीला आठ दिवस असताना लंब्याला पक्षाघात झाला. तो पुढे चालू-फिरू लागला, पण बोलणे गेले. 'हो' आणि 'ते' एवढे दोनच शब्द उरले. वर्षभर वाट पाहून आम्ही तिघांनी कार्यक्रम सुरू केले. त्याच्या जागी मी गातो. आज सातवा कार्यक्रम होता.

आज दुपारी एक वाजता आम्ही हॉलवर पोचलो. साडेतीनला कार्यक्रम सुरू झाला, पाच दहाला संपला. मधल्या वेळात कोणी एक अनोळखी इसम हॉलच्या मागच्या दाराशी आला होता असे मी नंतर ऐकले. मी त्या इसमाला पाहिलेले नाही. हॉलच्या वॉचमनने त्याला काय सांगितले ते मला माहीत नाही. पाच चाळीसला पोलीस ठाण्यातून फोन आला की लंब्या दुपारपासून बेपत्ता आहे, म्हणून मी आलो. तो हॉलवर आला होता किंवा कसे, हे मला सांगता येत नाही.

येथे साहेबांनी लिहिणे थांबवायला सांगितले आणि वॉचमनने माझ्याआधी दिलेला जबाब वाचून दाखवला. लंब्याची बायको, जिला मी वहिनी म्हणतो, पाचच्या सुमारास फोटो घेऊन हॉलवर गेली होती. वॉचमनने फोटो ओळखला आणि तिच्याबरोबर इथे आला. वहिनी आत्ता बाहेरच्या बाकावर बसली आहे. खोलीचे दार उघडे आहे. तिच्या मांडीवर गोळ्यांची डबी आहे, आठ वाजताची गोळी चुकवून चालत नाही.

दुपारी एक वाजल्यापासूनचा जो परिच्छेद वर आहे, तो खोटा आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले, खोडू का. मी म्हणालो, राहू द्या.

खरे असे आहे. दुपारी पावणेतीनला वॉचमन ग्रीनरूममध्ये आला. मागच्या दाराशी एक उंच म्हातारा उभा आहे, काहीही विचारले तरी हो म्हणतो आणि आत बोट दाखवून ते, ते करतो, तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीचा आहे का, असे त्याने विचारले. ठोक्या आणि मामा स्टेजवर वायरी जोडत होते. मी एकटाच होतो. मी त्याच्याबरोबर मागच्या दारापर्यंत गेलो. त्या दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेच्या पलीकडे लंब्या उभा होता. त्याच्या अंगात आमच्या भांडणाआधीच्या शेवटच्या कार्यक्रमाचा करडा कोट होता, बटणे एकेक घर चुकून लावलेली. मला बघून तो हसला. त्याने डावा हात वर केला, कारण उजवा उठत नाही. मी वॉचमनला म्हणालो, "ओळखत नाही."

वॉचमन भला माणूस आहे. त्याने त्याला पाणी दिले आणि समोरच्या बाजूला तिकिटाच्या खिडकीकडे जायला सांगितले. लंब्या हो म्हणाला असणार.

असे का केले, हे साहेबांनी दोनदा विचारले. सोळा वर्षे मी लंब्याच्या दोन पावले मागे आणि एक पाऊल डावीकडे उभा होतो. त्याच्या खांद्याकडे बघून श्वास घ्यायचा, हे माझे काम. तो वर झाला की मी घ्यायचा. या सहा कार्यक्रमांत पहिल्यांदाच लोकांचे चेहरे मला समोरून दिसले. मामा मला 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून चिडवतो, मी हसतो. पण ते बीळ मला आवडू लागले आहे, ही खरी गोष्ट आहे आणि तिची मला लाज वाटते.

दुसरीही एक गोष्ट लपवली आहे. पंधरा दिवसांपूर्वी वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली की बोलता येत नसले तरी त्याला गाता येते. ती स्वयंपाकघरात आमचे गाणे गुणगुणत होती, तर बाहेरच्या खोलीतून पुढची ओळ आली, शब्दन् शब्द स्पष्ट. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, असे होते, बोलणे आणि गाणे डोक्यात एका जागी नसते. तेव्हा एकाच गाण्याला त्याला उभा करा, एवढेच तिचे मागणे होते. मी म्हणालो, "बघतो." ठोक्याला सांगितले नाही, मामालाही नाही. बघतो म्हणजे काय, हे न कळण्याइतकी वहिनी भोळी नाही. तिने पुन्हा फोन केला नाही. बहुतेक हे त्याच्यासमोरच बोलणे झाले असेल. त्याला बोलता येत नाही, पण ऐकलेले सगळे कळते.

आता त्या गाण्याबद्दल सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गाण्यात एक जण विचारतो, 'सांग ना, कुठवर आलास तू?' आणि दुसरा सांगतो, 'निघालोय, वाटेत आहे, थांब जरा.' प्रश्न मी विचारायचो, उत्तर लंब्या द्यायचा. पहिल्याच कार्यक्रमात तो उत्तराचे शब्द विसरला. ठोक्या तसाच वाजवत राहिला, चार ठोके रिकामे गेले आणि मग लंब्याला आठवले. आम्ही घामाघूम झालो होतो, पण लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. तेव्हापासून ती रीतच पडली. प्रश्न विचारायचा, चार मोजायचे, मग तो यायचा. त्याचे झाले की शेवटचे 'थांब जरा' मी मागून परत म्हणायचो. शेपूट हे नाव त्यावरून पडले, ठेवणाराही लंब्याच. आता प्रश्न लोकच विचारतात आणि उत्तर मी देतो. शेवटचे 'थांब जरा' परत कोणी म्हणत नाही.

आज चार पन्नासच्या सुमारास ते गाणे सुरू झाले. दिवे लोकांवर होते, म्हणून मला शेवटची रांग दिसली. लंब्या दाराच्या आत, भिंतीला खांदा लावून उभा होता. कोटाच्या खिशातून तिकीट बाहेर आले होते. म्हणजे आमचाच कार्यक्रम तो तिकीट काढून बघत होता. लोकांनी प्रश्न विचारला. ठोक्या वाजवत होता, मी मोजत होतो. एक झाले, दोन झाले. लंब्याने मान वर केली आणि त्याचा डावा खांदा उचलला गेला. तो खांदा मी ओळखतो. त्याला माईक नव्हता, पण हॉल लहान आहे आणि त्याचा आवाज मोठा. तो चारला आला असता तर सगळ्यांना ऐकू गेले असते.

मी चार मोजले नाहीत. दोनवरच सुरुवात केली. माईकला तोंड टेकवून, जेवढा आवाज होता तेवढा लावला. ठोक्या चमकून बघत राहिला, त्याला वाटले माझे मोजणे चुकले. लंब्याचे तोंड उघडे होते. त्यातून काय आले, काही आले की नाही, ते माझ्या आवाजात मला ऐकू आले नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाई त्याच्याकडे वळून बघत होती. दारावरच्या माणसाने त्याच्या दंडाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले, काय करू म्हणून. मी गाता गाता हाताने बाहेर अशी खूण केली. लोकांना वाटले तो गाण्यातलाच हात आहे.

दार लोटताना लंब्याने एकदा मागे पाहिले. तो रागावलेला दिसला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्या दारातून दोन पायऱ्या उतरले की मोठा रस्ता आहे. झटका आल्यापासून त्याला उजवीकडचे नीट दिसत नाही, हे मला माहीत आहे. त्यानंतर आम्ही आणखी दोन गाणी गायली.

(सात वाजून दहा मिनिटे. येथे एका शिपायाने निरोप आणला.) हॉलसमोरच्या थांब्यावरच्या एका बस कंडक्टरला करड्या कोटातला उंच माणूस आठवतो. गाडीत चढताना त्याला 'शेवटच्या थांब्याला का' असे विचारले, तर तो हो म्हणाला. मी तेव्हाच साहेबांना सांगितले की त्या हो ला काही अर्थ नाही. त्याला विचारले, तू राजा आहेस का, तरी तो हो म्हणेल. नाव विचारून, पत्ता विचारून तो सापडणार नाही. उलट भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतील, आणि तो हो म्हणत जाईल.

म्हणून माझी विनंती आहे की सगळ्या चौक्यांना असे कळवावे. करड्या कोटातला उंच म्हातारा दिसला तर त्याला काही विचारू नये. गाण्याची पहिली ओळ म्हणावी आणि थांबावे. तो लगेच येत नाही. चार मोजावेत. घाई करून दुसरी ओळ आपणच म्हणू नये.

हवालदार म्हणाले, चाल माहीत नाही, आणि गाता तर मुळीच येत नाही. साहेबांनाही येत नव्हती. मग मी वायरलेसवर ती ओळ म्हणून दाखवली. पहिल्यांदा सूर चुकला, दुसऱ्यांदा जमली. बाहेर बाकावर वहिनी उठून उभी राहिली. इतक्या वेळात तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नव्हते. ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

सात पस्तीसला शेवटच्या थांब्याजवळच्या चौकीतून फोन आला. तिथल्या शिपायाला डेपोच्या भिंतीशी एक जण बसलेला मिळाला होता. उंच आहे, पण अंगात कोट नाही, नुसता सदरा आहे, सगळ्याला हो म्हणतो. शिपाई म्हणाला की त्याने गाऊन पाहिले, पण म्हातारा नुसता बघत राहिला. साहेबांनी फोनचा स्पीकर लावला, तिकडच्या शिपायाला त्याचा फोन त्या माणसाच्या कानाजवळ धरायला सांगितले आणि माझ्याकडे पाहिले.

मी ओळ म्हटली. 'सांग ना, कुठवर आलास तू?' मग टेबलावर बोटाने मोजले. चार झाले. काही आले नाही. फोनमधून एका बसचे इंजिन ऐकू येत होते. पाच, सहा. हवालदारांनी पेन खाली ठेवले. मला वाटले, हा तो नाही. मग वाटले, हा तोच आहे आणि माझा आवाज ओळखून गप्प आहे. त्याने गप्प राहावे, एवढे मी केले आहे. सात. वहिनीच्या हातातली डबी वाजत होती.

आठव्याला लंब्या आला. 'निघालोय, वाटेत आहे, थांब जरा.' एकही शब्द अडखळला नाही. आवाज थकलेला होता, पण त्याचाच होता.

त्यानंतर मी 'थांब जरा' परत म्हटले, मागून, दुसऱ्या आवाजात. तपासाला त्याची गरज नव्हती. हवालदार म्हणाले की हे जबाबात घेत नाही. मी घ्या म्हणालो, म्हणून घेतले आहे.

वहिनी गाडीतून त्याला आणायला निघाली आहे. जाताना तिने मला विचारले, पुढचा कार्यक्रम कधी. मी सांगितले, रविवारी, चार वाजता. तेव्हा ती म्हणाली, "तीनला मी ह्यांना घेऊन येते. दारात वॉचमन नको, भाऊजी. तुम्ही उभे राहा." मी हो म्हणालो. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वॉचमनला आणि दारावरच्या माणसाला दोष देऊ नये, दोघांनी माझ्याकडे बघूनच केले.

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. मी त्या इसमाला पाहिलेले नाही, असे जे वर आले आहे, ते खोटेही माझेच आहे आणि माझ्या शब्दांत बरोबर लिहिले आहे. त्याखाली वेगळी सही करायची मी परवानगी मागितली, ती मिळाली.