आबांच्या कानाशी फोन

माझी थोरली नात नेहा हिचं लग्न झालं ते साल २०२४. त्या मार्चमध्ये मी चाकणला एका कंपनीच्या गेटसमोर बसची वाट पाहत होतो. साडेतीनला पाळी सुटली. गेटवर जमा केलेले फोन परत मिळाले आणि सगळे एकदमच फोन लावू लागले. शेजारी दोन कामगार उभे होते.

“लागला का, बुद्धरत्न?”

“नाही रे. बहीण रश्मी दवाखान्यात आबांच्या कानाशी फोन धरून बसलीय. त्यांना माझा आवाज ऐकायचाय.”

“सगळी पाळी एका टॉवरवर लटकलीय. फाइव्ह जी काढ, फोर जीवर टाक.”

“टाकलं विक्की. तेही भरलंय.”

“टॉवरवाले पुढच्या महिन्यात दोन्ही जोडणारेत. एक भरलं की दुसऱ्यावरून जाईल.”

“आबांना सांगतो, महिनाभर थांबा म्हणून.”

“चिडू नको, भावा. कंपनीचं वायफाय?”

“साहेबांपुरतं आहे. अर्ज लिही म्हणाले.”

विक्की माझ्याकडे वळला. “बाबा, तुमचा बटणाचा फोन द्या जरा. जुनं टू जी मोकळं असतं.”

“हे आधी नाही सुचलं तुला?”

“लाव रे तू.”

“वाजतोय. रश्मे, आबांच्या कानाला लाव. लाव ना. रडू नको, लाव.”

माझ्या फोनमध्ये त्या कॉलची वेळ तीन पंचेचाळीस आहे. नंतर कळलं, बुद्धरत्नचे आबा, म्हणजे वडील धोंडीबा, त्याच दिवशी, बारा मार्चला, दुपारी तीन चाळीसला वारले.